हिरव्या शाईतले तीन मिलिमीटर

चष्म्याच्या काचा घासण्याच्या त्या कारखान्यात अकरा माणसं कामाला होती. दहा जणांच्या हातांना ओल्या पांढऱ्या पुडीचा वास यायचा. अकराव्याच्या हातांना कसलाच वास नसायचा. फक्त उजव्या करंगळीची कड पेन्सिलीच्या शिशाने काळी झालेली असायची. त्यांना सगळे चिठ्ठीकाका म्हणत. मालकीणबाईंच्या वडिलांनी त्यांना कामावर घेतलं तेव्हा ते कुणाचे काका नव्हते, सव्वीस वर्षांचे होते. पण त्या टेबलावर बसलेला माणूस लवकर काका होतो, असं घासकामावरचा मुख्य कारागीर म्हणायचा. त्याला सगळे घाशा म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं.

काकांचं काम सांगायला सोपं होतं. शहरातल्या तेवीस चष्म्याच्या दुकानांतून रोज सकाळी फ्रेम यायच्या, प्रत्येक फ्रेमला एक चिठ्ठी बांधलेली. कोणत्या डोळ्याला कोणता नंबर, काच कुठल्या जातीची, आणि पीडी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या दोन बुबुळांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. पीडी चुकली तर काचेचा मध्य बुबुळासमोर येत नाही. नंबर अगदी बरोबर असला तरी मग डोकं दुखतं, पायरी जिथे नाही तिथे दिसते. काका चिठ्ठी वाचायचे आणि कारखान्याच्या पिवळ्या कार्डावर सगळं एकाच पद्धतीने उतरवायचे. कार्ड, फ्रेम आणि कोऱ्या काचा एका ट्रेमध्ये जायच्या आणि ट्रे घाशाकडे.

करायला मात्र हे काम तेवढं सोपं नव्हतं, कारण तेवीस दुकानांच्या तेवीस तऱ्हा. प्रत्येकाने आपापल्या अकलेनुसार चिठ्ठ्या छापून घेतलेल्या. कुणी उजवा डोळा आधी लिही, कुणी डावा. एकाच्या चिठ्ठीवर रकान्यांना नावंच नव्हती, नुसते चौकोन. तीस वर्षांत काकांनी यांपैकी एकही दुकान पाहिलं नव्हतं. फ्रेम आणायला-पोचवायला गाडी होती, काकांना टेबल होतं. ते दुकानदारांना अक्षरावरून ओळखायचे आणि मनातल्या मनात त्यांना नावंही दिली होती. घाईवाला. शिक्का. मोत्यांचं अक्षर. आणि हिरवी शाई.

हिरव्या शाईवर काकांचा विशेष जीव होता. बारीक, ताठ अक्षर, खाडाखोड नाही, चौकोनाबाहेर एक काना गेलेला नाही. कधी कधी चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटासा ठिपका असायचा, तोही हिरवा. तो कशाचा, हे काकांना माहीत नव्हतं. त्यांनी मनाशी एक उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस ठरवून टाकला होता. ज्याच्या खिशाला पेनाचा डाग कधी पडला नसेल, असा.

त्या वर्षी दुकानांच्या संघटनेने ठरवलं की चिठ्ठ्या बंद करायच्या.

त्यांनी एक सामायिक शब्दयादी केली होती. चष्म्याच्या ऑर्डरीत जे जे येतं त्या प्रत्येकाला एकच नाव आणि त्या नावापुढे त्याचा एकच अर्थ, स्पष्ट शब्दांत लिहिलेला. सगळ्या दुकानांनी त्याच नावांनी कॉम्प्युटरवर ऑर्डर भरायची. मग ती कुठल्याही कारखान्याच्या कॉम्प्युटरला, कुणाला न विचारता, वाचता येईल. आधी चाचणी. शंभर ऑर्डरी, आणि एकही चष्मा चुकता कामा नये. उतरला कारखाना तर संघटनेच्या यादीत नाव. नाही तर तेवीसच्या तेवीस दुकानं पलीकडच्या शहरातल्या मोठ्या कारखान्याकडे जाणार. मालकीणबाईंनी अकराही जणांना उभं करून हे सांगितलं आणि मग उगाचच टेबलावरचे कागद सारखे केले.

चाचणीची तयारी करून घ्यायला संघटनेने एक बाई पाठवल्या. चाळिशीच्या, पाठीवर कॉम्प्युटरची बॅग, केसांत एक पेन आणि दुसरं शोधत असलेल्या. पहिल्याच दिवशी त्या काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि तीन आठवडे उठल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. "याला रकाना कुठाय?" हा त्यांचा प्रश्न इतक्या वेळा ऐकू यायचा की तिसऱ्या दिवशी घाशाने त्यांचं बारसं उरकलं: रकानेबाई.

"काका, या चिठ्ठीवर 'वरची काच' लिहिलंय. वरची म्हणजे कुठली?"

"उजवी."

"कशावरून?"

"शिक्क्याची चिठ्ठी आहे ती. त्याची वरची म्हणजे उजवी."

"आणि ही? इथेही 'वरची'च आहे."

"तो घाईवाला. तो आधी डावा डोळा लिहितो. माणूसच डावखुरा आहे."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"छे. पण बघा ना, लिहिलेल्या अक्षरांवरून हात फिरून शाई फासलेली असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याची अशी फासत नाही."

रकानेबाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथे काय करताय? तुम्ही पोलिसांत हवे होतात."

काकांना हसू आलं. त्यांना या बाई आवडायला लागल्या होत्या. तीस वर्षांत त्यांना कुणी 'कशावरून' असं विचारलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे, विचारलं की उत्तर निघायचं. आपल्या डोक्यात एवढं काही साठलंय याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. घराच्या माळ्यावर चढावं आणि एकेक डबा उघडून बघावा तसं झालं होतं.

"आकडे चिठ्ठीवर आहेत," रकानेबाई समजावून सांगायच्या, "पण आकड्यांविषयीची माहिती चिठ्ठीवर नाही. ती तुमच्याकडे आहे. कुणी मोजलं, कसं मोजलं, कुठून सुरुवात केली. आमच्याकडे याला मेटाडेटा म्हणतात."

"म्हणजे मी मेटाडेटा?"

"चालता-बोलता."

घरी हे सांगितल्यावर बायको धुतलेले कपडे वाळत घालता घालता थांबली.

"आणि ते सगळं त्या कॉम्प्युटरने शिकून घेतलं की चिठ्ठ्या वाचायला माणूस कशाला लागेल?"

"तेच तर बघायचंय."

"आपलीच खुर्ची कशी काढतात ते बघायची हौस जगात तुम्हालाच असेल, बरं का!"

"अगं, खुर्ची काढतील तर काढतील. पण कशी काढतात ते तरी कळू दे की."

तिने एक ओली बाही त्यांच्या अंगावर झटकली.

चाचणीचा दिवस आला. सोळा दुकानांनी ऑर्डरी थेट कॉम्प्युटरवर भरल्या. सात दुकानांकडे अजून कॉम्प्युटर नव्हता. त्यांच्या चिठ्ठ्या काकांनी पडद्यावर भरायच्या होत्या. हिरवी शाई त्या सातांतली. रकानेबाईंनी बजावलं होतं, "जसंच्या तसं भरायचं, काका. दुरुस्ती करायची नाही. जी काय करायची ती मशीन करेल." काकांनी मान डोलावली. शंभर चष्मे झाले, संघटनेच्या तपासनिसाकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी निकाल आला. शहाण्णव बरोबर. चार चुकीचे. चारही हिरव्या शाईचे, आणि चारही चष्म्यांत एकच चूक: पीडी तीन मिलिमीटरनं जास्त.

मालकीणबाईंच्या खोलीत सगळे जमले. खोली छोटी, त्यात काचांच्या खोक्यांनी अर्धी भरलेली.

"घासकाम बरोबर आहे," घाशा आल्या आल्या म्हणाला. "मला कार्डावर सदुसष्ट आलं, मी सदुसष्टवर बसवलं. एकसष्ट आलं असतं तर एकसष्टवर बसवलं असतं. मी आपला हुकमाचा ताबेदार."

"तुम्हाला कुणी काही म्हटलंय का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"म्हणायच्या आधी सांगून ठेवलेलं बरं."

काकांनी त्या चार चिठ्ठ्या आणल्या होत्या. पहिलीवर हिरव्या शाईत स्वच्छ लिहिलं होतं, एकसष्ट. आणि चष्मा निघाला सदुसष्टचा. खरी पीडी तपासनिसाने गिऱ्हाइकाला बोलावून मोजली होती: चौसष्ट.

"तीन मिळवायचा नियम मी घातला होता," रकानेबाई म्हणाल्या. "काकांनीच सांगितलं होतं, दूरच्या चष्म्याला हिरव्या शाईच्या पीडीत नेहमी तीन मिळवावे लागतात. पण एकसष्ट नि तीन चौसष्ट होतात. सदुसष्ट कसे?"

त्यांनी पडद्यावरची नोंद उघडली. मग तिच्यामागची नोंद. प्रत्येक आकड्याच्या पाठीमागे मशीनने गुपचूप लिहून ठेवलेलं असतं: कुणी भरला, केव्हा, कोणत्या कागदावरून. काका वाकून बघत होते, आणि त्यांना पडद्यावर स्वतःचंच नाव दिसलं. सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. भरलेला आकडा: चौसष्ट.



"मी भरलं," काका म्हणाले. "मीच तीन मिळवले. आणि मशीननेही मिळवले."

"पण मी सांगितलं होतं काका, जसंच्या तसं..."

"हो. मला वाटलं मी जसंच्या तसंच भरतोय." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जणू तो शेजारच्या माणसाचा असावा. "तीस वर्षं हिरवी शाई दिसली की हात तीन मिळवतो. मला विचारत नाही."

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. मालकीणबाईंनी संघटनेला फोन लावला. बरीच रदबदली झाल्यावर सोमवारी दुसरी चाचणी मिळाली. शेवटची.

"मग सोपं आहे," घाशा म्हणाला. "काकांनी हात खिशात घालायचा. मशीन मिळवेल."

"नाही," रकानेबाई म्हणाल्या. "तो नियम मी काढणार आहे. घालायलाच नको होता. यादीत पीडीचा अर्थ दिलाय: दूर बघताना मोजलेलं अंतर. या दुकानाचा आकडा त्या अर्थात बसत नाही आणि का बसत नाही ते आपल्याला माहीत नाही. उद्या हीच ऑर्डर दुसऱ्या कारखान्यात गेली, तर तिथे ना तुमचा नियम, ना तुमचे काका. काका, तुम्ही तीन का मिळवता?"

"सुरुवातीला दोन चष्मे परत आले होते, अरुंद बसलेत म्हणून. तिसऱ्याला मी तीन मिळवून पाहिले. परत आला नाही."

"आणि मग तीस वर्षं?"

"मग तीस वर्षं. माझा अंदाज आहे की ते जवळ बघायला लावून मोजत असणार. जवळ बघताना बुबुळं आत येतात, अंतर तीनेक मिलिमीटर कमी भरतं. वाचायच्या चष्म्याला तसंच मोजतात, आणि त्यांच्या वाचायच्या चष्म्यांना मी काही मिळवत नाही, ते बरोबर बसतात. पण दूरच्या चष्म्यालाही जवळून? एवढ्या नीटस अक्षराचा माणूस एवढी साधी चूक करेल, हे काही मला पटत नाही."

मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "काका, महिन्याला पंधरा-वीस चष्म्यांचं दुकान आहे ते. सोमवारच्या शंभरांतून ते वगळू या. त्यांना कळवू, की तुमची मापं आम्हाला घेता येत नाहीत."

"त्यांना दुसरा कारखाना कोण देणार?"

"तो त्यांचा प्रश्न."

हे त्या मनापासून म्हणत नव्हत्या, पण म्हणाल्या. काकांच्या डोळ्यांसमोर ते ताठ अक्षर आलं, चौकोनाबाहेर एक काना न गेलेलं.

"आज शुक्रवार," ते म्हणाले. "मला उद्याचा दिवस द्या. मी जाऊन विचारून येतो."

शनिवारी सकाळी ते चिठ्ठीवरचा पत्ता घेऊन निघाले. मुख्य रस्ता, मग घड्याळजींची गल्ली, मग तिच्यातून फुटलेली एक बोळ, जिच्यात समोरून माणूस आला की एकाला तिरकं व्हावं लागे. दुकान दोन दुकानांच्या मधे, पुस्तकांच्या फळीत एखादं पातळ पुस्तक सारलेलं असावं तसं. पाटीही उभीच लिहिलेली, आडवी मावली नसती.

आत एक बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, सत्तरीच्या बाई उंच स्टुलावर बसून फ्रेमची काडी वाकवत होत्या. पांढऱ्या कोटाच्या खिशाला हिरव्या शाईचा चांगला तळहाताएवढा डाग होता.

काकांचा उंच, किडकिडीत माणूस दारातच वारला.

"बसा," बाई वर न बघता म्हणाल्या. "चष्मा काढा. कुणी बसवलाय हा? उजवी काच कललीय."

"मी गिऱ्हाईक नाही. मी कारखान्यातून आलोय. चिठ्ठ्या..."

बाईंनी पकड खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"चिठ्ठ्या वाचणारे?"

"हो."

"तीस वर्षांनी रस्ता सापडला वाटतं!"

काका खुर्चीत बसले. बसले म्हणजे अडकले. गुडघे समोरच्या कपाटाला टेकले, पाठ मागच्या भिंतीला. डाव्या हाताला खिडकी होती, आणि खिडकीबाहेर हात लांबवला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची भिंत. काकांनी उजवीकडे पाहिलं: फळ्या. वर पाहिलं: छत, तेही ठेंगणंच. मग ते स्वतःशीच हसले.

"काय झालं?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या पीडीत तीन कमी का असतात, ते विचारायला आलो होतो."

"मग कळलं?"

"इथे दूर असं काही नाहीच."

"नाहीच मुळी. वाचायला लावायची अक्षरांची पाटी आहे ती आरशातून दाखवते, नंबर नीट निघतो. पण पट्टी धरून बुबुळं मोजायची तर मी मधे उभी. गिऱ्हाइकाने माझ्या खांद्यावरून लांब बघावं असं पुस्तकात लिहिलंय. कुठे बघावं? कपाटात? सुरुवातीला बाहेर बोळात उभं करून मोजायचे. तर येणारे-जाणारे पट्टीला धक्का देत. मग ठरवलं, जवळूनच मोजायचं, पण नेहमी जवळूनच. आणि तसं तुमच्या मालकांना पत्र लिहिलं, की माझी मापं जवळची असतात, दूरच्या चष्म्याला तीन मिळवून घेत जा."

"पत्र?"

"पहिल्याच महिन्यात. तुम्ही त्या पत्राप्रमाणे मिळवत होतात ना?"

"मला कुठलंच पत्र मिळालं नाही. मी आपले अंदाजाने मिळवले."

बाईंचा हात पकडीवरच राहिला. "अंदाजाने!"

"दोन चष्मे परत आल्यावर."

"आणि इकडे मी लोकांना सांगतेय की पत्र लिहिलं तर ऐकणारा कारखाना आहे!" त्या हसल्या तेव्हा स्टूल हललं. मग थांबून म्हणाल्या, "पण वाटलं होतं मला. एका वर्षी एकाएकी चष्मे अरुंद यायला लागले. म्हटलं, पत्र फायलीत असेल तर असं व्हायला नको. म्हणजे हे फायलीत नाही, माणसात आहे. आणि माणूस आलेला नाही. रजेवर होतात?"

काकांना ते वर्ष आठवलं. अपेंडिक्सचं ऑपरेशन, मग जखम चिघळली. तेव्हा टेबलावर घाशाचा भाऊ बसला होता.

"आजारी होतो."

"मग दोन महिने मीच इकडे तीन मिळवून लिहीत होते. मग एक दिवस चष्मा रुंद आला. म्हटलं, चला, बरे झाले वाटतं."

रजेवरून परतल्यावर हिरव्या शाईचा एकच चष्मा रुंद झाल्याची तक्रार आली होती; का, ते त्यांना कधी उमगलं नव्हतं. ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही, त्याला आपण आजारी असल्याचं आणि बरे झाल्याचं कळलं होतं. तेही मिलिमीटरांत.

"आता ते चालणार नाही," काका म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. यादी, चाचणी, सोमवार. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे ती यादी म्हणते दूरचं. माझ्याकडे दूर नाही."

"हो."

"मग यादीत जवळचंही घ्या म्हणावं. मी माप खोटं देत नाही. कुठून घेतलं तेवढं विचारा, मी सांगेन. एकदा पत्रात सांगून बघितलं. आता प्रत्येक चिठ्ठीवर सांगते." त्यांनी पट्टी उचलली. "हलू नका. माझ्या नाकाकडे बघा. नाकाकडे म्हटलं, डागाकडे नाही."

पट्टी काकांच्या कपाळाला गार लागली.

"साठ," बाई म्हणाल्या आणि हिरव्या शाईत लिहायला लागल्या. चिठ्ठी फाडून काकांच्या हातात दिली. पीडीच्या चौकोनात साठ, आणि त्याच्या शेजारी, चौकोनाच्या आत मावेल इतक्या बारीक अक्षरात: जवळून.

"ही कुणाची?"

"तुमची. कललेल्या काचेतून माझ्या चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत."

उठताना काकांना आठवलं. "तो कोपऱ्यातला ठिपका कशाचा असतो?"

"ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच चष्मा लागलाय त्याच्या चिठ्ठीवर देते. चष्मा आला की त्याला लगेच बाहेर सोडत नाही. जरा वेळ इथेच बसवते." त्यांनी खांदे उडवले. "ते काही तुमच्या कामाचं नाही."

काका थेट कारखान्यात आले. रकानेबाई शनिवारीही स्टुलावर होत्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं; पत्राचं ऐकल्यावर मात्र हातातलं पेन खाली ठेवलं.

"बघा! पत्र एकदा येतं आणि फायलीत जातं. माप रोज येतं. दोघांची गाठच पडत नाही. मापाबरोबरच यायला हवं होतं ते. चूक यादीचीच आहे, काका. एक रकाना हवा: मोजताना नजर कुठे होती."

"आता? परवा चाचणी आहे."

"आता."

त्यांनी संघटनेच्या चिटणिसांना फोन लावला. पलीकडचा आवाज काकांनाही ऐकू येत होता: यादी मंजूर होऊन छापून झाली, एका दुकानासाठी ती बदलायची म्हणजे पोरखेळ आहे. रकानेबाईंनी फोन हाताने झाकला आणि काकांकडे पाहिलं.

"एकच दुकान आहे का हो?"

काकांना ठाऊक नव्हतं. पण शोधायचं कसं, ते ठाऊक होतं. त्यांनी एकेक दुकानाला फोन करायला सुरुवात केली. ज्यांच्याशी तीस वर्षं अक्षरांतून ओळख होती, त्यांचे आवाज ऐकू येऊ लागले. मोत्यांचं अक्षर चक्क तोतरं होतं. घाईवाला इतका सावकाश बोलला की घाशा ऐकून चक्रावला. "डावखुरे आहात का हो?" काकांनी न राहवून विचारलंच. पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज. मग: "तुम्ही कोण बोलताय?" संध्याकाळपर्यंत कळलं की तेवीसांपैकी पाच दुकानं पीडी जवळून मोजतात. बाकीचे चौघेही कॉम्प्युटर नसलेल्या सातांतलेच, आणि त्यांच्या चिठ्ठ्यांतही आपण कधी एक, कधी दोन मिळवत आलोय, अगदी पहिल्या चाचणीतही, हे काकांना तेव्हा कुठे उमजलं.

पाच म्हटल्यावर चिटणीस नरमले. रविवारी यादीत एक ओळ वाढली. मोजताना नजर: दूर किंवा जवळ, रिकामं सोडता येणार नाही. दोन मापांत किती फरक धरायचा तेही यादीतच लिहिलं, कुणाच्या डोक्यात ठेवलं नाही.

सोमवारी काका पडद्यासमोर बसले. हिरव्या शाईच्या पाच चिठ्ठ्या होत्या, पाचवी त्यांची स्वतःची. पहिली समोर आली आणि हात पुढे झाला. त्यांनी तो थांबवला. चिठ्ठीवर बोट ठेवून, पहिलीतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं: "अठ्ठावन्न. जवळ." आणि तेच भरलं. पलीकडच्या रकान्यात आपोआप एकसष्ट उमटलं. घाशा दारात उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही.

गुरुवारी तपासनीस स्वतः आले. शेवटचा चष्मा त्यांनी काकांच्या डोळ्यांवर ठेवला, पट्टी धरली आणि खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघायला सांगितलं.

"त्रेसष्ट," ते म्हणाले आणि यादीवर खूण केली. "शंभर."

मालकीणबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

हळूहळू चिठ्ठ्या येईनाशा झाल्या. काकांची खुर्ची मात्र कुणी काढली नाही. संघटनेच्या यादीत कुठला शब्द कुठे अडतो, ते दुकानोदुकानी जाऊन बघायचं काम त्यांच्याकडे आलं. आठवड्यातले तीन दिवस ते आता टेबलावर नसतातच. बायको म्हणते, तीस वर्षांचं फिरणं तुंबलं होतं, ते सुटलंय.

हिरव्या शाईकडे अजून कॉम्प्युटर नाही. ठेवायला जागा कुठाय, असं त्या विचारतात. त्यांच्या चिठ्ठ्या काकाच भरतात, जसंच्या तसं. परवा एका चिठ्ठीच्या कोपऱ्यात ठिपका होता.

"याला रकाना?" रकानेबाईंनी विचारलं. त्या अधूनमधून येतात.

काकांनी थोडा विचार केला. "नको," ते म्हणाले. "हा कारखान्यासाठी नाही."

ऑर्डर भरून झाल्यावर त्यांनी ट्रे उचलला आणि स्वतःच घाशाकडे नेऊन दिला.

"हा जरा जपून रे."

"का? खास आहे का कुणी?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "पहिलाच आहे."